आधी मेण, मग सुरी

कावसजी हा इंग्रजी फौजेतला मराठा बैलहाक्या. १७९२च्या लढाईत तो टिपूच्या हाती लागला. नाक आणि एक हात गमावून परतला. वर्षभराने पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नाक बसवून दिलं. त्याने आधी मेणाची पातळ पट्टी तुटक्या नाकावर बसवून हवा तसा आकार घेतला, मग ती सपाट करून कपाळावर ठेवली, कडेने रेघ मारली आणि तेवढीच कातडी सोडवून नाकावर वळवली. भुवयांमध्ये कातडीचा देठ जोडलेला राखला. साधारण पंचविसाव्या दिवशी तो कापला. १७९४मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने हे छापलं. कारागिराचं नाव मात्र राहून गेलं, आणि ते मला फार लागतं.

जबडा सरकवण्याच्या ऑपरेशनची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. १८४९मध्ये अमेरिकेत सायमन हलिहेनने भाजल्यामुळे पुढे ओढला गेलेला एका तरुणीचा खालचा जबडा कापून मागे घेतला. १९३१मध्ये दंतवैद्य ब्रॉडबेंटने डोकं एकाच जागी धरून एक्स-रे घेण्याचं यंत्र मांडलं. त्यामुळे चेहऱ्याच्या हाडांची मापं कागदावर उतरू लागली, ताडून पाहता येऊ लागली. १९५७मध्ये ऑब्वेगेझर आणि ट्राउनर या सर्जनांनी तोंडाच्या आतूनच जबडा उभा चिरून सरकवण्याची रीत प्रसिद्ध केली. गालावर व्रण नाही आणि हाडाला हाड रुंद चिकटतं, हा तिचा मोठा फायदा.

आखणीचं खरं काम मात्र टेबलावर होतं. दातांच्या ठशांत प्लास्टर ओतून नमुने करायचे, ते करवतीने कापायचे, दोन-चार मिलिमीटर सरकवून मेणाने चिकटवायचे आणि त्यावरून दातांमध्ये बसणारी पट्टी, म्हणजे स्प्लिंट, करायची. ऑपरेशनमध्ये जबडा कुठे थांबवायचा ते तीच सांगते. आता अनेक ठिकाणी हे सीटी स्कॅनवरून संगणकावर होतं. ऑपरेशनआधी कित्येक महिने दातांना तारा असतात, आणि त्या काळात दातांची जुळणी कधीकधी पूर्वीपेक्षा वाईट दिसते. तपासणीसाठी येणाऱ्याला हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं. हाड जितकं सरकतं तितके ओठ सरकत नाहीत, आणि खालच्या जबड्यातून जाणारी नस दुखावली तर ओठ-हनुवटी बधिर राहू शकते, हेही.