जेसी व्हेंचुरा

जेसी व्हेंचुरा (मूळ नाव: जेम्स जॉर्ज जेनॉस, जन्म: १५ जुलै १९५१, मिनीआपोलिस, मिनेसोटा) हे अमेरिकेतील माजी व्यावसायिक मल्ल, समालोचक, चित्रपट अभिनेते व राजकारणी आहेत. ४ जानेवारी १९९९ ते ६ जानेवारी २००३ या काळात ते मिनेसोटा राज्याचे ३८ वे गव्हर्नर होते. अमेरिकेतील गव्हर्नर हा मतदारांनी थेट निवडलेला राज्याचा कार्यकारी प्रमुख असतो. त्यामुळे त्याचे अधिकार भारतातील राज्यपालापेक्षा मुख्यमंत्र्याच्या अधिकारांशी अधिक जुळतात.

पूर्वायुष्य व कुस्ती

शालेय शिक्षण पूर्ण केल्यावर १९६९ मध्ये ते अमेरिकेच्या नौदलात दाखल झाले. १९७५ पासून त्यांनी 'जेसी द बॉडी व्हेंचुरा' या नावाने व्यावसायिक कुस्ती खेळण्यास प्रारंभ केला. या कुस्तीत लढतीचा निकाल आधीच ठरलेला असतो. मल्लाचे यश शरीरसामर्थ्याइतकेच अभिनय व वाक्चातुर्य यांवर अवलंबून असते. भडक वेश आणि उद्दाम बोलणे यांमुळे व्हेंचुरा यांची खलनायकी भूमिका गाजली. एड्रियन अ‍ॅडोनिस यांच्यासह १९८० मध्ये त्यांनी अमेरिकन रेसलिंग असोसिएशनचे जोडी-कुस्तीचे अजिंक्यपद पटकावले.

समालोचन व न्यायालयीन लढा

१९८४ मध्ये फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या झाल्याने त्यांची मल्ल म्हणून कारकीर्द जवळजवळ संपली. त्यानंतर ते समालोचनाकडे वळले. सहकारी समालोचक सज्जन मल्लाची बाजू घेत असताना व्हेंचुरा खलनायकाचे समर्थन करीत व नायकाच्या लबाड्यांवर बोट ठेवीत. ही शैली पुढील अनेक समालोचकांनी स्वीकारली.

मल्लांची कामगार संघटना असावी, असा आग्रह त्यांनी १९८६ मध्ये धरला. परंतु तो सफल झाला नाही. आपल्या समालोचनासह विकल्या गेलेल्या चित्रफितींच्या मानधनासाठी त्यांनी टायटन स्पोर्ट्स या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. १९९४ मध्ये ज्यूरीने त्यांना ८,०९,९५८ डॉलर मंजूर केले. हा निर्णय अपिलातही कायम राहिला.

चित्रपट

१९८७ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'प्रीडेटर' व 'द रनिंग मॅन' या चित्रपटांत त्यांनी अरनॉल्ड श्वार्झनेगर यांच्यासह काम केले. 'प्रीडेटर'मधील ब्लेन या सैनिकाची भूमिका विशेष लोकप्रिय ठरली. श्वार्झनेगर हेही २००३ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले.

राजकीय कारकीर्द

१९९१ ते १९९५ या काळात व्हेंचुरा मिनीआपोलिसजवळील ब्रुकलिन पार्क शहराचे महापौर होते. त्यानंतर त्यांनी रेडिओवर चर्चात्मक कार्यक्रम सादर केले. १९९८ मध्ये रिफॉर्म पक्षातर्फे गव्हर्नरपदाची निवडणूक लढवून त्यांनी सुमारे ३७ टक्के मते मिळवली. रिपब्लिकन उमेदवार नॉर्म कोलमन यांना सुमारे ३४, तर डेमोक्रॅटिक उमेदवार ह्यूबर्ट हम्फ्री तिसरे यांना सुमारे २८ टक्के मते मिळाली. मतदानाच्या दिवशीच मतदार म्हणून नाव नोंदवण्याची मिनेसोटातील सोय त्यांच्या तरुण व नव्या समर्थकांना उपयुक्त ठरली.

विधिमंडळात स्वपक्षाचे बळ नसल्याने प्रत्येक निर्णयासाठी त्यांना दोन्ही प्रमुख पक्षांशी तडजोड करावी लागे. शिलकी महसुलातून करदात्यांना परतावा देणे आणि मिनीआपोलिस परिसरातील हलक्या रेल्वेमार्गाला चालना देणे ही त्यांची ठळक कामे होत. विधिमंडळाचे एकच सभागृह असावे, हा त्यांचा प्रस्ताव मात्र मान्य झाला नाही. फेब्रुवारी २००० मध्ये त्यांनी रिफॉर्म पक्ष सोडला.

पदावर असतानाच त्यांनी १९९९ मध्ये कुस्तीच्या एका कार्यक्रमात पंच म्हणून व २००१ मध्ये एक्सएफएल या फुटबॉल स्पर्धेत समालोचक म्हणून काम केले. लोकांनी सोपवलेल्या पदाच्या प्रसिद्धीचा खाजगी मिळकतीसाठी वापर होत असल्याची टीका त्यावर झाली. शिष्टाचाराच्या चौकटीत न बसणारे बोलणे हे त्यांच्या लोकप्रियतेचे कारण होते. पुढे तेच टीकेचेही कारण बनले. २००२ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. टिम पॉलेंटी हे त्यांचे उत्तराधिकारी झाले.

उत्तरकाल

२००४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश करण्यात आला. २००९ ते २०१२ या काळात त्यांनी कटकारस्थानांच्या सिद्धान्तांवरील एक दूरचित्रवाणी मालिका सादर केली. त्यांनी अनेक पुस्तकेही लिहिली आहेत.