चार आणे की जास्त? पैसेवारीचं भांडण शंभर वर्षांचं आहे!

मित्रांनो, पोस्ट थोडी मोठी आहे. पण डिसेंबरअखेर खरिपाची अंतिम पैसेवारी लागायच्या आत वाचा.

पैसेवारी 50 च्या आत की वर, यावरून आपल्याकडे दरवर्षी मोर्चे निघतात. वीस वर्षं मी या बातम्या करतोय. निवेदनात मागणी एकच असते, 'पैसेवारी कमी लावा'. आकडा मोजला कसा, हे फारसं कुणी विचारत नाही.

आता थोडं मागं जाऊ. 1917 साली गुजरातच्या खेडा जिल्ह्यात अतिवृष्टीने पिकं गेली. खेडा तेव्हा आपल्यासारखाच मुंबई इलाख्यात होता. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक. चार आणे किंवा त्याहून कमी पीक आलं तर त्या वर्षीची सारावसुली तहकूब, असा सरकारचाच नियम होता. शेतकरी म्हणाले, पीक चार आण्यांच्या आत आहे. अधिकारी म्हणाले, जास्त आहे. पुण्याच्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे अमृतलाल ठक्कर यांनी जाऊन चौकशी केली. सरकार ऐकेना. शेवटी मार्च 1918 मध्ये गांधीजींनी साराबंदीचा सत्याग्रह पुकारला. शाळेत आपण खेडा सत्याग्रह शिकतो, पण त्याच्या मुळाशी आणेवारीचा आकडा होता, हे सांगायचं राहून जातं.

आणेवारी ठरायची बांधावरून, डोळ्यांनी. सारा वसूल करणारं खातं तेच आणि पीक बघणारंही तेच. मग विश्वास बसायचा कसा?

यावर उपाय शोधणाऱ्यांत आपला एक माणूस होता. पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. 1940 च्या दशकात त्यांनी आणि पानसे यांनी दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत पीक कापणी प्रयोगाची पद्धत बसवली. आधी चिठ्ठी टाकल्यासारखी गावं निवडायची, मग शेत, मग शेतातली जागा. तिथे मापाचा प्लॉट आखायचा, कापायचा, मळायचा आणि वजन करायचं. आवडीनिवडीला जागाच नाही.

प्लॉट केवढा असावा, यावर त्यांचा कोलकात्याच्या महालनोबिसांशी मोठा वाद झाला. महालनोबिसांचं म्हणणं, प्लॉट लहान घ्या, म्हणजे कमी खर्चात जास्त ठिकाणी मोजता येईल. सुखात्म्यांनी 1946 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मांडलं की फार लहान प्लॉटमध्ये उतारा फुगतो. कारण साधं आहे. कडेवरचं ताट आत घ्यायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. प्लॉट जितका लहान, तितका या कडेचा वाटा मोठा. महालनोबिसांचं उत्तर होतं, माणसं नीट शिकवलेली असली तर असं होत नाही. मला दोघांचंही पटतं. पद्धत नीट हवी आणि माणूसही नीट हवा.

आज आण्यांचे पैसे झाले. हंगामाच्या मध्यावर नजरअंदाज पैसेवारी येते, शेवटी कापणीवरची. पीक विम्यातही कापणी प्रयोगाचं वजन मोलाचं ठरत आलंय. हेच आकडे गावावरून तालुका, जिल्हा, राज्य करत दिल्लीला जातात. देशात धान्य किती, निर्यात उघडायची की बंद, आयात करायची का, हे सगळं त्यावर ठरतं. म्हणजे आपल्या शिवारातला एक प्लॉट चुकला तर ती चूक वरपर्यंत जाते. संगणक बेरीज बरोबर करेल हो, पण बांधावर काय झालं ते त्याला कसं कळणार?

म्हणून मागणी बदला. प्रयोग कोणत्या गटात आहे, कोणत्या दिवशी आहे, ते आधी विचारा. त्या दिवशी पाच-दहा जण हजर राहा. सगळे प्लॉट भारी, बागायती रानातच पडलेत का, बघा. दोरी नीट लावली का, वजन समोर झालं का, आकडा लिहिल्यावरच सह्या झाल्या का, तेही बघा. पीक चांगलं आलं असेल तर तेही खरंच लिहू द्या. आपण सोयीचा आकडा मागितला, तर त्यांच्या सोयीच्या आकड्याला नाही म्हणायचं तोंड आपल्याला राहणार नाही.

तुमच्या गावात यंदा कापणी प्रयोग झाला का? झाला तेव्हा तिथे कोण होतं? खाली लिहा.