कबड्डीमहर्षी शंकरराव (बुवा) साळवी : संघटनकार्याचे ऐतिहासिक महत्त्व

क्रीडेतिहासात खेळाडूंची नोंद होते. संघटक बहुधा दुर्लक्षित राहतो. महाराष्ट्रात मात्र शंकरराव तथा बुवा साळवी यांचा १५ जुलै हा जन्मदिन ‘कबड्डी दिन’ म्हणून साजरा होतो. एका संघटकास लाभलेल्या या मानाची कारणे खेळाच्या घडणीत शोधावी लागतात.

प्रारंभी हुतूतूचे स्वरूप एकजिनसी नव्हते. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा गडी बाद होताच आपला बाद गडी परत येई, ‘गामिनी’त सर्व संघ बाद होईपर्यंत तो बाहेर राही, ‘अमर’मध्ये तो मैदान सोडीतच नसे, केवळ गुण मोजले जात. अशा स्थितीत प्रांताप्रांतांतील सामन्यांसाठी समान नियम व ते पाळावयास लावणारी संघटना अपरिहार्य होती. १९३६ साली बर्लिन येथे अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. त्यांतून कौतुक लाभले, स्पर्धेत स्थान नव्हे.

ते स्थान संघटनेने मिळविले. १९५० साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. पुढील काळात राज्य व राष्ट्रीय संघटनांच्या कार्यात साळवी अग्रभागी राहिले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कबड्डी प्रदर्शनीय खेळ होता. १९९० मध्ये बीजिंगला तो पदकाचा खेळ झाला व भारताने सुवर्णपदक जिंकले. महिलांना ही संधी मिळण्यास मात्र २०१० साल उजाडावे लागले.

हे यश एका व्यक्तीचे नव्हे. तथापि मैदानाबाहेरील अशा चिकाटीच्या श्रमांची नोंद घेतल्याविना देशी खेळांचा इतिहास अपूर्णच राहील.