ताणावर उभे राहिलेले चाक : चिखली परिसरातील एका कारागिरीचा मागोवा

इंद्रायणीच्या दक्षिणेला वसलेले चिखली, ज्याला जुन्या वळणाने टाळगाव चिखली म्हणतात, हे 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट होईपर्यंत शेतीचे गाव होते आणि तेथील चाक म्हणजे प्रामुख्याने बैलगाडीचे चाक होते. या चाकाच्या मध्यभागी तुंबा, तुंब्यात बसवलेले लाकडी आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडून वर्तुळ पुरे करणारे पुठे आणि त्यांवर लोखंडाची धाव अशी त्याची घडण असे. सुतार लाकूडकाम करी आणि लोहार धाव भट्टीत लाल होईपर्यंत तापवून चाकावर चढवी व लगेच पाणी ओती. थंड होताना धाव आवळली जाई आणि तिच्या दाबाखाली सारे सांधे घट्ट बसत. अशा चाकात धाव ताणलेली असते आणि आरे दाबाखाली असतात, म्हणून गाडीचा भार तुंब्याच्या खालचे आरे खांबाप्रमाणे तोलून धरतात.

सायकलच्या चाकाने हीच रचना उलटी केली. 1869 मध्ये पॅरिसच्या यूजीन मेयर याने तारांच्या चाकाचे पेटंट घेतले आणि 1874 मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली याने तारा हबपासून (म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापासून) सरळ बाहेर न नेता हबच्या कडेला स्पर्श करून तिरप्या नेण्याची पद्धत आणली, ज्यामुळे हबला दिलेला पीळ रिमपर्यंत (चाकाच्या बाहेरच्या कड्यापर्यंत) पोहोचवण्याची क्षमता चाकात आली. येथे स्पोक, म्हणजे पोलादी तारा, ताणलेल्या असतात आणि रिम दाबाखाली असते. स्वार बसला की जमिनीलगतच्या तारांचा ताण थोडा उतरतो, चाक पुढे सरकताच तो पुन्हा भरतो, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात हे प्रत्येक तारेबाबत घडते. मुळात ताण कमी असेल तर तार पूर्ण सैल पडते, तिच्या टोकाचा निपल (रिममध्ये बसणारे आटेदार टोपण) आपोआप फिरू लागतो आणि वारंवारच्या हिसक्यांनी तार हबजवळच्या वाकणाशी तुटते. चाकाचे आयुष्य ठरते ते ताणाच्या समानतेवर, आणि म्हणूनच चाक बांधणे हे सुट्या भागांच्या जुळणीपेक्षा वेगळे, हाताच्या अंदाजाचे काम आहे.

पुणे परिसरात ही कारागिरी कारखान्यांच्या आश्रयाने वाढली. खडकीचा दारूगोळा कारखाना, 1954 मध्ये पिंपरीत स्थापन झालेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आणि 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरीत उभे राहिलेले कारखाने यांतील कामगारांचे वाहन सायकल होते. स्वातंत्र्यापूर्वी रॅले, बीएसए, हर्क्युलिस या विलायती सायकली येत. पुढे सोनीपतची अ‍ॅटलस, मद्रासजवळच्या अंबत्तूरची टीआय सायकल्स, आसनसोलची सेन-रॅले आणि लुधियानाची हीरो यांनी ती जागा घेतली. माल बाहेरून येई, मात्र चाकाचा आऊट काढणारा हात येथलाच असे. आऊट म्हणजे फिरताना रिम डावी-उजवीकडे किंवा वर-खाली डुलणे. मिस्त्री सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी करी, चाक धरणाऱ्या चिमट्याला खडू टेकवून चाक फिरवी आणि खडूची रेघ जेथे उमटे तेथील निपल छोट्या पान्याने पाव-पाव फेरा आवळी किंवा सैल करी. तारेला बोटाने छेडून ती बद्द वाजते की खणखणीत, यावरून तो ताण ओळखी. पुढच्या चाकात 32 आणि मागच्या चाकात 40 तारा असत. रिम आणि हब ठरावीक मापाचे असल्याने तारांची लांबी मोजण्याची गरज पडत नसे आणि पोलादी रिम वाकली तरी ती ठोकून व ताणून पुन्हा कामास लावता येत असे. गरिबाच्या वाहनाला साजेसा हा सर्वांत मोठा गुण होता.

या औद्योगिक पट्ट्यानेच पुढे सायकलला मागे सारले. 1972 मध्ये फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना आणि बजाजची चेतक बाजारात आली. लुनाच्या चाकात तारा होत्या, तर चेतकचे चाक पत्रा दाबून केलेले होते. या शतकाच्या पहिल्या दशकात मोटारसायकलींनाही अ‍ॅल्युमिनियम ओतून केलेली अलॉय चाके बसू लागली, ज्यांत हब, आरे आणि रिम एकाच साच्यातून निघतात. दुचाकींच्या निर्मितीसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या पिंपरी ते चाकण या पट्ट्यात तारेचे चाक बांधणारा माणूस पंक्चरच्या टपरीपुरता उरला, हे या इतिहासातील खेदाचे प्रकरण आहे.

त्याला पुन्हा काम देऊ शकणारी वस्तू बाहेरून आली. कार्बन तंतूच्या चादरी राळेत भिजवून, साच्यात थरावर थर लावून, उष्णता आणि दाबाखाली पक्क्या केल्या की वजनाच्या मानाने अतिशय ताठ रिम तयार होते. जपानच्या तोरे कंपनीने 1971 मध्ये असे तंतू व्यापारी प्रमाणावर विकण्यास सुरुवात केली, तरी कित्येक वर्षे ते विमाने आणि महागडे क्रीडासाहित्य यांच्यापुरतेच राहिले. चीनमधील श्यामेन शहराच्या परिसरातील कारखान्यांनी मोठ्या नावांसाठी रिम बनवता बनवता तशाच रिम बिननावाने थेट ग्राहकाला विकायला घेतल्या, तेव्हा किंमत उतरली. दुसरे कारण ब्रेकचे होते. रिमवर घासणाऱ्या ब्रेकने घाटाच्या लांब उतारावर राळ तापून मऊ पडण्याचा धोका असे आणि तो टाळणारी राळ महाग असे. डिस्क ब्रेकने ही उष्णता हबजवळच्या चकतीवर नेली. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने 2018 मध्ये रस्त्यावरील शर्यतींसाठी डिस्क ब्रेकला कायमची मान्यता दिली आणि त्यानंतर स्वस्त कार्बन रिम वापरणे पूर्वीपेक्षा बरेच सुरक्षित झाले.

पिंपरी-चिंचवडमधून पंढरपूरची सायकल वारी करणारे किंवा सुटीच्या पहाटे लोणावळ्याकडे निघणारे अनेक सायकलस्वार नोकरदार आहेत, आणि तयार कार्बन चाकांची जोडी त्यांतील बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असते. सुटी रिम, साधा पण चांगल्या बेअरिंगचा हब आणि सामान्य पोलादी तारा घेऊन चाक बांधून घेतले तर खर्च बराच खाली येतो. मात्र येथे जुना अंदाज पुरत नाही. रिम जितकी खोल तितकी तार आखूड, आणि 50 मिलिमीटर खोलीच्या रिमला साध्या रिमपेक्षा सुमारे 3 सेंटिमीटर आखूड तार लागते. त्यामुळे रिमच्या आत निपल जेथे टेकतो तेथपासून समोरच्या तशाच बिंदूपर्यंतचा व्यास प्रत्यक्ष मोजून लांबी काढावी लागते, आणि त्यात 2 मिलिमीटरहून अधिक चूक चालत नाही. तारा 20 ते 24 च असल्याने प्रत्येकीवर सुमारे 100 ते 120 किलो ताण ठेवावा लागतो आणि तो मोजण्यासाठी ताणमापक लागतो. पोलादी रिमवर मिस्त्री असमान ताण देऊन वाक सरळ करी. कार्बन रिम मुळातच सरळ असते, तिच्यात वाक काढायचा नसतो, फक्त ताण सारखा वाटायचा असतो, आणि मर्यादेपलीकडे आवळले तर निपलच्या भोकाभोवती तडा जातो, जो कोणत्याही हातोडीने भरून येत नाही. काटकसर हबच्या नावात आणि वजनाच्या काही ग्रॅमांत करावी. तारांच्या दर्जात आणि बांधणीच्या वेळेत ती करू नये, कारण कमी दराच्या रिमची सुरक्षितता या दोहोंवरच टिकते.

अशा कामाला मोठा कारखाना लागत नाही. एक बाक, मापे आणि परवडणारे भाडे पुरते. चिखलीच्या कुदळवाडी भागात अशा छोट्या कामांना पत्र्याच्या शेडचा आसरा होता. तेथे भंगाराची गोदामे होती आणि लहान कार्यशाळाही होत्या. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने अनधिकृत ठरवून त्यांतील हजारो बांधकामे पाडली. कायद्याची बाजू मान्य केली तरी मोठ्या उद्योगाला पोसणारे लहान काम अशाच जागांत शिकले जाते, ही गोष्ट नियोजनात धरली गेली पाहिजे. महापालिकेची औद्योगिक प्रशिक्षण संस्था मोरवाडीत आहे आणि तेथे चाकबांधणीचा छोटा अभ्यासक्रम सुरू करण्यास एक बाक, चार ताणमापक आणि आऊट काढण्यात आयुष्य घालवलेला एक मिस्त्री एवढे पुरेसे आहे. असे मिस्त्री अजून या शहरात काम करीत आहेत, तोवर तो अभ्यासक्रम सुरू व्हावा.