पियानो नव्हता, पेटी होती : गोविंदराव टेंबे

जामनेरात मैफलीच्या पियानोवादकावर बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, आपल्याकडे पियानो होता कुठे? मुंबईत पारशी आणि गोवेकर ख्रिस्ती घरांत होता, साहेबांच्या क्लबात होता. पण साधा उभा पियानोसुद्धा दोनशे किलोच्या घरात जातो, हवा बदलली की त्याच्या तारा उतरतात, आणि त्या जुळवणारा कारागीर लागतो. आपल्या पीजेच्या छोट्या गाडीत तो चढवायची नुसती कल्पना करून बघा! म्हणून पांढऱ्या-काळ्या पट्ट्या महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचल्या त्या पेटीतून.

पेटी मूळची युरोपातलीच. पॅरिसमध्ये १८४० च्या सुमारास ती घडली, तेव्हा पायांनी वारा भरावा लागे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास तिला हातभाता लावला आणि ती मांडी घालून बसणाऱ्यांची झाली. यात एक गोष्ट मात्र गेली. पियानोवाल्याला वाजवायला दोन्ही हात मोकळे; पेटीवाल्याचा एक हात भात्यात अडकलेला. उरलेल्या पाच बोटांत काय ते करायचं.

त्या पाच बोटांनी मैफल उभी करता येते, हे दाखवणाऱ्यांतलं पहिलं मोठं नाव गोविंद सदाशिव टेंबे यांचं. जन्म ५ जून १८८१, कोल्हापूरचा, बालपण सांगवड्यात. पेटी शिकवणारा गुरू असा त्यांना नव्हताच. पेटीला तेव्हा घराणं नाही, परंपरा नाही. शिकायचं ते गवयांकडून. कोल्हापूरच्या देवल क्लबात मोठमोठे गवई ऐकायला मिळत. भास्करबुवा बखल्यांना ते गुरू मानत, त्यांच्या साथीला बसत. अल्लादियाखाँसाहेबांचाही सहवास लाभला; पुढे खाँसाहेबांचं चरित्र त्यांनी लिहिलं. आमच्या मते सगळी मेख इथे आहे. टेंबे पेटीवाल्यांकडून पेटी शिकले नाहीत, म्हणून त्यांच्या बोटांत गाणं आलं.

साथीला बसणारा हा माणूस एकट्याने वाजवू लागला. पियानोवादकाच्या जवळ जाणारं आपल्याकडे काही असेल तर ते हे स्वतंत्र पेटीवादन. समोर गायक नाही, शब्द नाहीत.

पुढे नाटकाने त्यांना ओढलं. 'मानापमान' १२ मार्च १९११ ला रंगभूमीवर आलं, आणि त्याच्या चाली टेंब्यांच्या. ठुमरी, दादरा, कजरी असा पूरबेकडचा बाज त्यांनी मराठी पदांत आणला. भामिनी झाले होते बालगंधर्व. आणि बालगंधर्व म्हटलं की खानदेशाला थोडा हक्क सांगता येतो, कारण लहानपणी जळगावात राहून ते मेहबूबखाँकडे गाणं शिकले होते. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे असे तिघे मालक होते. टेंबे फार काळ टिकले नाहीत. स्वतःची शिवराज मंडळी काढली. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त तर संगीत त्यांचं आणि हरिश्चंद्रही तेच. एका आयुष्यात किती धंदे करावेत!

आता दुःखाची बाजू. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटी बंद केली. तेव्हाचे प्रमुख लायोनेल फील्डन, आणि दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत पाहणारे जॉन फाउल्ड्स यांनी आधीच पेटीवर लेख लिहून तोफ डागली होती. रवींद्रनाथ ठाकूरही पेटीच्या विरोधातच होते. आक्षेप असा की पेटीचे सूर ठरीव, त्यांत श्रुती नाहीत, मींड नाही. हे खोटं नाही हो. पट्टी दाबली की सूर येतो तो ठरलेल्या जागीच. दोन सुरांमधली वाट पेटीला नाही. पण वादक काय करतो? शेजारच्या सुराचा निसटता स्पर्श देतो, भात्याचा दाब कमी-जास्त करतो, आणि कानाला ती वाट आहे असं वाटायला लावतो. पियानोवालाही हेच करतो. त्याचा सूर तर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो, तरी तो सलग गाण्याचा भास निर्माण करतो. पियानोला कुणी त्यासाठी रेडिओबाहेर काढलं नाही.

टेंबे ९ ऑक्टोबर १९५५ ला गेले. म्हणजे आयुष्याची शेवटची पंधरा वर्षं त्यांचं वाद्य आकाशवाणीवर नव्हतं. साथीच्या पेटीला मैफली होत्या, भजनी मंडळं होती. तिचं फारसं अडलं नाही. अडलं ते एकट्या वाजणाऱ्या पेटीचं. घरोघरी नवं संगीत रेडिओ नेत होता, नेमक्या त्याच काळात तिला दार बंद. १९७१ मध्ये बंदी सैल झाली, तीही साथीपुरती.

तरी वाट बुजली नाही. मधुकर पेडणेकर, म्हणजे पी. मधुकर, यांनी नाट्यपदं पेटीवर अशी वाजवली की लोकांना शब्द आठवत. त्यांचे शिष्य गोव्याचे तुळशीदास बोरकर, त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली.

आता पी. मधुकरांची एक ध्वनिमुद्रिका लावतो आहोत. बोटांकडे तर लक्ष जाईलच; भाता श्वास कुठे घेतो, तेही ऐका.