मायन्याचे मायने

माझी भाची परभणीत सरकारी कचेरीत लिपिक आहे. गेल्या पावसाळ्यात ती मोबाइलवर कार्यालयीन ईमेल कसा लिहावा याचा ऑनलाइन पाठ घेत होती. सवडीने ऐकायचं, अडलं की मागे न्यायचं, शेवटी प्रश्नावली आणि प्रमाणपत्र. तिने विचारलं, "मामा, साहेबांना डिअर लिहू की रिस्पेक्टेड?" मी म्हणालो, "आधी मायना तर ठरव." शेजारचे चाचा ओट्यावरून हसले, "मायने तो मतलब को कहते हैं, मियाँ."

चाचांचं खरं होतं. मूळ अरबी शब्दाचा अर्थच 'अर्थ'. फारसी-उर्दूतून उत्तरेत गेला तो 'मायने' होऊन अर्थच राहिला. मराठीत मात्र त्याचा झाला पत्राच्या माथ्यावरचा मान: तीर्थरूप, राजश्री, अखंडितलक्ष्मीअलंकृत. आपल्या परभणीत दोन्ही अर्थ एकाच ओट्यावर नांदतात, आणि मला पन्नाशीपर्यंत ते दिसले नव्हते!

अर्थाचा मान कसा झाला? एक तर्क असा की हा शब्द 'मुआयना', म्हणजे पाहणी, यातून आला असेल. तो मला पटत नाही. पाहणीचा नमस्काराशी संबंध काय? माझा अंदाज वेगळा. कोणाला काय लिहावं याचे नमुने कारकुनांजवळ असत. यादवांचा मंत्री हेमाडपंत याच्या नावावर परंपरेने घातलेलं 'मेस्तक' हे त्याच जातीचं. अशा नमुन्यात 'अमक्याला लिहिण्याचा मायना', म्हणजे आशय, असा मथळा असावा आणि खाली पदव्यांची ओळ. रोज वाचून मथळ्याचं नाव खालच्या ओळीलाच चिकटलं. पुरावा मागाल तर हात वर. पण पत्रातल्या इतर शब्दांची चाल बघा. 'मजकूर' म्हणजे मुळात 'उल्लेखिलेलं', आपल्याकडे तो पत्राचा गाभा झाला. 'मसुदा' म्हणजे मुळात 'काळा केलेला' कागद. 'ता. क.' म्हणजे ताजा कलम. 'बखर' तर काहींच्या मते 'खबर' उलटून झाली, काहींच्या मते पत्राअखेरच्या 'बखैर'मधून, म्हणजे क्षेमकुशलातून. मला दुसरं मत आवडतं, कारण ते माझ्या बाजूचं आहे: पत्रातला तुकडा उचलायचा आणि त्याला नवी नोकरी लावायची.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश रचला. त्यात लेखनाचा वेगळा वर्ग आहे. नोकरदारांची भाषा सुधारण्याचा तो आपल्याकडचा पहिला मोठा अभ्यासक्रम, असं मी बेधडक म्हणतो. तरी मायना, मजकूर, मसुदा हलले नाहीत.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. निजामाच्या राज्यात 1884 च्या सुमारास कारभार फारसीतून उर्दूत आला. सातोन्याचे लेखक बी. रघुनाथ याच राज्याच्या बांधकाम खात्यात नोकरी करत मराठीत लिहीत राहिले. 1948 ला निजामी गेली, 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1964 च्या कायद्याने मराठी राजभाषा झाली. प्रत्येक वेळी कारकून मायना नव्याने शिकले.

घरबसल्या शिकणंही काही आजचं नाही. इंग्लंडात 1840 पासून आयझॅक पिटमन टपालाने लघुलिपी शिकवू लागला. आपल्याकडे रॅपिडेक्सच्या जाडजूड पुस्तकाने आरशासमोर इंग्रजी बोलायला लावलं. केंद्र सरकारच्या नोकरांना हिंदी शिकवणारी 'लीला' ही संगणक प्रणाली पुण्याच्या सी-डॅकची. 2020 मध्ये सरकारी नोकरांसाठीचं मिशन कर्मयोगी मंजूर झालं आणि प्रशिक्षण खिशातल्या फोनवर आलं. माध्यम बदललं, पण भाचीच्या पाठाचा पहिला धडा कोणता? समोरच्याला काय म्हणावं. मेस्तकाचंही दुखणं तेच होतं.

भाचीने अखेर 'महोदय' लिहिलं आणि प्रश्नावलीत पास झाली. प्रमाणपत्राची छापील प्रत तिने चाचांना दाखवली. त्यावर नुसतं नाव होतं. आधी श्रीमती नाही, कुमारी नाही, काहीच नाही. चाचांनी चष्मा वर केला.

"बेटी, ये तो बिना मायने का काग़ज़ है."