सोनामुखीचें माहेर

कुंडलिकेनें जालन्याचे जुना आणि नवा असे दोन भाग पाडले आहेत. आमचें बिऱ्हाड जुन्या जालन्यांत. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असलेल्या या गांवीं हकीम आणि वैद्य शेजारीं नांदले, आणि त्याची खूण काष्ठौषधींच्या दुकानांत अजून सांपडते. एकाच डब्यांतील पान तेथें दोन नांवांनीं विकलें जातें. हकिमाची चिठ्ठी आणणारा 'सनामक्की' मागतो, घरीं पोट साफ होण्यासाठीं काढा करणारी आजीबाई 'सोनामुखी' मागते. दुकानदार उभयतांस तीच मूठ बांधून देतो. 'सोनामुखी' हें अस्सल संस्कृत आणि 'सनामक्की' हा हकिमांनीं केलेला त्याचा अपभ्रंश, असें पुष्कळ सुशिक्षित मानतात. आम्हीही वर्गांत कित्येक वर्षें हेंच सांगत आलों. तें चूक होतें, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे.

'सना' हा शब्द अरबी असून त्या भाषेंत तो जुना आहे. पैगंबरांच्या वचनसंग्रहांतही या वनस्पतीची प्रशंसा आढळते. तुरी-हरभऱ्याच्या शिंबाकुलांतील हें झुडूप अरबस्तानांत व नाईलच्या प्रदेशांत रानांत उगवतें. मक्केकडून येणारें पान तें 'सना मक्की', म्हणजे मक्केची सना. अरबी वैद्यकाबरोबर हाच शब्द लॅटिनमध्यें गेला व पुढें इंग्रजींत 'सेन्ना' होऊन बसला. अरबींत 'सना' याचा तेज, लखलखाट असाही अर्थ आहे. पण तेवढ्यावरून सोन्याशीं सोयरीक जुळविणाऱ्यांनीं अंमळ थांबावें.

संस्कृताच्या बाजूनें पुरावा काय? चरकानें रेचकांचा विचार बारकाईनें केला आहे. सुखविरेचनांत निशोत्तर श्रेष्ठ, मृदुविरेचनांत बहावा श्रेष्ठ, असा त्याचा निवाडा; सोनामुखीस तेथें स्थान नाहीं. 'स्वर्णपत्री' हें नांव मागाहूनचें. शिवाय पान सोनेरी नाहींच. वाळल्यावर तें मळकट हिरवें दिसतें. फूल पिवळें असतें खरें, पण बाजारांत येतें तें पान आणि शेंग. फूल पाहिलें कोणी? पिवळ्या फुलाचाच मान करावयाचा, तर तो आमच्या बांधावरच्या तरवडास, सोनामुखीच्या भाऊबंदास, आधीं मिळावयास हवा होता.

परका शब्द ओळखीचा करून घेण्याची मराठीची रीतच आहे. 'ल्यूसर्न' नांवाचा चारा आला, शेतकऱ्यानें त्याचें 'लसूणघास' केलें. लसणीचा त्यास वासही नाहीं. तोही शिंबाकुलांतलाच. आणि हें केवळ आपणच करतों असें नव्हे. याच चाऱ्यास अरबांनीं 'फिस्फिसा' म्हटलें, तें जुन्या फारसींतील 'अस्पस्त' या शब्दावरून. त्यांतील 'अस्प' म्हणजे आपला 'अश्व'. घोड्याचा चारा अरबींत शिरतांना घोडा पार हरवला!

शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून विसाव्या शतकांतील भाषाशुद्धीच्या वादापर्यंत अरबी-फारसी शब्द वेचून बाहेर काढण्याचे उद्योग झाले. सोनामुखीकडे कोणी बोट दाखविल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. मुखवटा सोन्याचा होता ना!

आतां तें पानही मक्केचें राहिलेलें नाहीं. एकोणिसाव्या शतकापासून दक्षिणेंत तिरुनेलवेलीच्या बाजूस त्याची लागवड होते, आणि जगाच्या बाजारांत तें त्या गांवाच्या नांवानें ओळखलें जातें. परवां दुकानदारास आम्ही विचारलें, माल कोठला? "तामिळनाडूकडचा, सर," तो म्हणाला, आणि पुडीवर सवयीनें दोन्ही नांवें लिहून मोकळा झाला.